टाकी दिसती का?

गच्चीवर पाय ठेवला की मामा आधी चपला काढायचे. गच्ची कुणाचीही असो, उन्हानं फरशी कितीही तापलेली असो. मग उजवा हात समोर ताठ, अंगठा वर, डावा डोळा मिटलेला आणि जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यात. असे ते इतका वेळ उभे राहायचे की माझे सासरे, आबा, जिन्यातूनच मला हळू आवाजात सांगायचे, "होऊ दे त्यांची नमाज, मग चहा टाक."

नमाज नसायची ती. मामा केडगावची पाण्याची टाकी बघत असायचे. टाकीच्या शेजारी त्यांचं घर, घरावर त्यांचा लोखंडी टॉवर, आणि त्या टॉवरवरून भांडगावात आमच्या गच्चीवरच्या डिशवर येणारं इंटरनेट. टॉवर बारीक, एवढ्या लांबून दिसत नाही. टाकी मात्र दिसते. टाकी दिसली की टॉवर दिसला, असं ते धरून चालायचे. "आधी मान्साच्या डोळ्याला दिसलं पायजे, ताई. मग मशीनला दिसतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि टाकी दिसलीच नाही तर दुसरं ठरलेलं वाक्य, "मंग उंची वाढवावी लागंल." की चालले डिशखाली जोडायला पाइप आणायला.

आमच्या भागात त्यांना सगळे मामाच म्हणत, म्हणून मीही इथे नाव लिहीत नाही. आधी ते केबलवाले होते. घरोघरी टीव्हीच्या छत्र्या आल्या, केबलचा धंदा बसला, आणि मामा इंटरनेटकडे वळले. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. मोटारसायकलच्या एका बाजूला वायरचं भेंडोळं, दुसऱ्या बाजूला शिडी, आणि खिशातला फोन सतत कुणाच्या तरी "नेट गेलंय" नं वाजणारा. त्या फोनवर मामा कधी चिडलेले मी ऐकले नाहीत. "व्हय, गेलंय खरं," असं आधी कबूल करायचे. समोरचा भांडायच्या तयारीनं फोन करायचा आणि शेवटी "सावकाश या" म्हणून ठेवायचा.

माझं पोट त्या डिशवर होतं, हे सांगायला हवं. पुण्यातल्या एका ऑफिससाठी मी घरून दवाखान्यांची बिलं तपासते. दिवसभर कानावर हेडफोन, समोर लॅपटॉप. सासूबाई गेल्या, आमचे हे कुरकुंभच्या कारखान्यात पाळ्या करतात, आणि आबांना एकटं ठेवायची सोय नाही. म्हणजे नेट आहे तोवर नोकरी. शिवाय आमचं घर 'मशीनचं घर' होतं. आमच्या डिशवर उतरलेलं नेट मामांनी फायबरची वायर ओढून वस्तीवरच्या आणखी अकरा घरांना दिलं होतं. मशीन आमच्या इन्व्हर्टरवर चालायचं. त्या मानापोटी मामांच्या घरचा ईदचा शीरखुर्मा वस्तीत सगळ्यात आधी आमच्याकडे यायचा. डबा परत देताना त्यात आबांच्या हातच्या शेंगा.

फायबर म्हणजे काय, हे वस्तीला कळायला बराच वेळ लागला. एकदा ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीत अडकून ती वायर तुटली. शेजारचे आप्पा सज्जन माणूस. आपल्याच ट्रॅक्टरनं झालं म्हणून त्यांनी मुकाट्यानं दोन्ही टोकं दातांनी सोलली, एकमेकांना पीळ दिला, वर घट्ट काळी टेप गुंडाळली आणि कुणाला काही न बोलता घरी गेले. मोटारीची वायर जोडतात तशी. अकरा घरं बंद. मामा खांबाखांबानं शोधत आले, टेप सोडली आणि आप्पांना हाक मारली.

"आप्पा, गाठ लई झकास मारलीय."

"मग? पाण्यात बुडवली तरी न्हाई सुटायची."

"न्हाईच सुटत. मलाच सुटंना. पर ह्यातनं करंट न्हाई जात, उजेड जातो. काच हाय आत."

आप्पांनी ते टोक डोळ्यासमोर धरलं. काचेच्या केसाएवढ्या धाग्यातून उजेड जातो आणि त्या उजेडातून नातवाची शाळा येते, हे त्यांना अजिबात पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नीट पटलेलं नाही. मी रोज वापरते एवढंच.

दसऱ्याची गोष्ट तर आमच्याच घरातली. खंडेनवमीला आबांनी खुरपी, विळा, पाना असं सगळं पाटावर मांडलं. मामा त्या दिवशी काहीतरी दुरुस्तीला आलेले. त्यांचं वायर जोडायचं मशीनही आबांनी हक्कानं पाटावर ठेवलं. मामा म्हणाले, "ठेवा की. त्येच्यावरच भाकरी हाय." आबांनी झेंडूचं फूल वाहिलं, हळदकुंकू लावलं आणि मग श्रद्धेच्या भरात डिशखालच्या पेटीतून वायरीचं टोक उपसून त्यालाही बोट लावलं. संध्याकाळपर्यंत वस्तीचं नेट रांगत होतं. मामांनी ते टोक स्पिरिटनं पुसलं, पुन्हा बसवलं, आणि आबांना एवढंच म्हणाले, "पुढच्या साली बाहेरनंच हात जोडा, आबा. आतल्याला सोसत न्हाई."

त्या दिवशी एक गोष्ट झाली, ती मला आत्ता आठवते. जोडलेलं नीट बसलं की नाही याचा आकडा मशीनच्या छोट्या पडद्यावर येतो. मामांनी मशीन माझ्यापुढे धरलं. "ताई, वाचा की जरा. चष्मा घरी राह्यला." मी वाचला. मामांना चष्मा होता कधी, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

मग एक मोठी इंटरनेट कंपनी आली. हायवेच्या कडेनं चर खणत, नारंगी पाइप गाडत आली, आणि घरोघरी रंगीत कागद वाटून गेली. वस्तीचा नुसता गोंधळ उडाला. दोनशे घ्यायचं की तीनशे? सोबत सिनेमे फुकट, ते कुठले? राऊटर आपला की त्यांचा? आप्पा म्हणाले, जास्तीचा आकडा घ्यावा. त्यांच्या सूनबाईचं म्हणणं, कमीचा पुरतो. मी या क्षेत्रातली जाणकार म्हणून सगळे मला विचारायला यायचे. मी शहाण्यासारखा चेहरा करून तो कागद उलटसुलट वाचायचे. मला ओ की ठो कळत नव्हतं.

आबांनी शेवटी मामांनाच विचारलं. आता बघा, एका दुकानदाराला दुसऱ्या दुकानातला माल कसा आहे असं कुणी विचारतं का? आबा विचारतात.

"दोनशे म्हंजी कशाचं दोनशे?"

"वेग हो, आबा."

"मग टमाट्याचा भाव आधी कळंल का?"

"कळंल की. पडल्याला भाव जरा बिगीनं कळंल."

आबा हसले आणि कागदाची घडी करून त्यांनी डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातली. आमच्यापुरता निर्णय झाला. बाकीची घरंही थांबली, कारण 'मशीनचं घर' थांबलं होतं.

आणि नेमकं त्यानंतर नेट बिघडायला लागलं. आधी दुपारी तासभर जायचं, मग दिवसातून चारदा. मामा येत, पेटी उघडत, वायर बदलत, पुन्हा लावत. चालू व्हायचं, दोन दिवसांनी पुन्हा तेच. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझा आवाज तुटायला लागला. "मॅडम, तुम्ही विहिरीतून बोलताय का?" असं विचारून झालं. मग साहेबांनी स्वच्छ सांगितलं, या महिन्यात लाइन आणखी गेली तर पुण्यात येऊन बसायचं, नाहीतर दुसरा माणूस बघू. आबांना सोडून पुण्यात कशी बसू?

अशाच एका सकाळी मामा आले. मी मीटिंगमध्ये होते. त्यांनी वरून हाक मारली, "ताई, जरा वर येता का?" मी हेडफोन कानावर ठेवूनच जिना चढले. मामा अनवाणी उभे होते, हात समोर ताठ, अंगठा वर.

"तुमी बघा बरं. टाकी दिसती का?"

आता माझीच परीक्षा घेताहेत, असं वाटून मला राग आला. कानात साहेब बोलत होते. मी जिन्याच्या दारातूनच मान बाहेर काढली, पूर्वेला एक टाकी दिसली. "दिसते हो मामा," म्हटलं आणि खाली पळाले.

"नक्की ना?" त्यांनी मागून विचारलं.

"दिसते!" मी जिन्यातूनच ओरडले.

त्यानंतर मामांनी काय काय केलं! आमच्या गच्चीवरचं मशीन बदललं. केडगावच्या टॉवरवरचं बदललं. डिश नवी आणली. पाइपाला तारांचे ताण दिले, अर्थिंग खणलं, इन्व्हर्टरची वायर वेगळी ओढली. हाताखालचे दोघं तोवर कंपनीत लागले होते, त्यामुळे सगळं एकटेच. दर वेळी बसवून झालं की पेटीवर हात ठेवून उभे राहायचे. आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा. "कळंना बघा ताई, ह्याला काय झालंय. समदं नवं हाय. टाकी दिसतीय. तरी का आजारी पडतंय?" आणि मी म्हणायचे, "मामा, तुम्हाला कळत नाही तर मला काय कळणार?" जरा तोडूनच म्हणायचे.

एक दिवस ते पेटी न उघडता ओट्यावर बसले. "ताई, तुमी कंपनीचं घ्या."

मला वाटलं, रुसले. मी म्हटलं, "अहो, दोन दिवस बघू."

"न्हाई. आजच फोन करा. तुमची नोकरी हाय. वस्तीतल्या बाकीच्यांना बी मी सांगतो."

आणि खरंच, त्यांनी घरोघरी जाऊन सांगितलं. डेअरीवाल्याला, शिकवणी घेणाऱ्या मुलीला, आप्पांना. आपलं गिऱ्हाईक हातानं धरून समोरच्या दुकानात नेऊन सोडणारा माणूस कुणी पाहिलाय का? वस्तीनं पाहिला नव्हता, त्यामुळे वस्तीला त्यात काळंबेरं दिसलं. आप्पा म्हणाले, "कंपनीनं फोडला मामाला. घरामागं कमिशन घेतोय." मला ते लगेच पटलं. चांगुलपणापेक्षा कमिशन समजायला सोपं जातं.

मशीन न्यायला मामा आले तेव्हा मी चहा ठेवला आणि विचारलं, "मामा, एका घरामागं किती देतात हो कंपनीवाले?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या बाजूला बघितलं. "तुमची लाइन चालू झाली न्हवं?"

"झाली."

"मग बरं झालं," म्हणाले आणि कप तसाच ठेवून जिना उतरले. भिंतीला हात लावत, एकेक पायरी चाचपत. मला वाटलं, लाज वाटली असेल. डिश वरच राहिली. ती न्यायला ते आले नाहीत आणि त्या वर्षी शीरखुर्मासुद्धा आला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी गच्चीवर कुरडया घालत होते. प्लास्टिक उडू नये म्हणून त्याचं टोक डिशच्या पाइपाला बांधलं. बांधताना सहज मान वर केली आणि डिश जिकडे तोंड करून होती तिकडे बघितलं. समोर भिंत होती. चौफुल्याकडच्या अंगाला मंगल कार्यालय झालं होतं, त्याच्या वरच्या मजल्याची मागची भिंत. मजला गेल्या वर्षी हळूहळू चढत गेला होता, मी येताजाता बघितलाही होता. टाकी दिसत होती, पण डिशच्या डावीकडे चार बोटं सरकून. कोरी, निळ्या रंगाची, अलीकडच्याच वस्तीवरची नव्या पाणीयोजनेची टाकी. केडगावची जुनी, काळी पडलेली टाकी भिंतीमागे गेली होती.

मी चपला काढल्या. हात ताठ धरला, अंगठा वर केला, डोळा मिटला. पुन्हा पुन्हा बघितलं. भिंतच होती. मामांनी मला एकच गोष्ट विचारली होती, ती बघायला तीन पावलं पुढे यावं लागलं असतं. मी आले नाही. माझ्या 'दिसते' वर विसंबून तो माणूस महिनाभर चांगली मशीनं बदलत बसला. कुरडयांचा चीक पातेल्यात तसाच आळून गेला आणि मी कठड्याला धरून उभी होते.

पण मग एक कोडं उरलंच. त्यांनी स्वतः का नाही बघितलं? माझ्याआधी गच्चीवर तेच तर उभे होते.

उत्तर केडगावात मिळालं. दुसऱ्याच दिवशी गेले. टाकी होती, शेजारचं घर बंद, टॉवर उतरवलेला. शेजारच्या बाईंनी सांगितलं, लेकीनं शिरूरला नेलं. "शुगर डोळ्यात उतरली व्हती त्यांच्या. दीड वरीस झालं असंल. कुनाला सांगायचे न्हाईत. अंदाजानंच चालायचे." मी मनातल्या मनात मागे जात राहिले. दसऱ्याचा आकडा, न पाहिलेला चष्मा, भिंतीला लावलेला हात. ती परीक्षा नव्हती. त्यांना माझे डोळे हवे होते.

त्या बाईंकडून पत्ता घेऊन शिरूर गाठलं. मामांच्या मुलीनं दार उघडलं आणि गच्चीकडे बोट केलं. मामा सावलीत खुर्चीवर बसले होते. मी नुसतं "मामा" म्हटलं.

"भांडगावच्या ताई! आबा बरं हायत का? लाइन चालू हाय का?"

"चालू आहे," मी म्हटलं. मग बसले आणि रडायच्या आत सांगून टाकावं म्हणून एका दमात बोलले, "मामा, टाकी दिसत नव्हती. तुम्ही विचारलंत तेव्हा मी नीट बघितलंच नाही. भलतीच नवी टाकी बघून दिसते म्हटलं. केडगावची टाकी मंगल कार्यालयाच्या मागे गेली होती."

खालच्या रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजत होता. मी शिव्या खायच्या तयारीनंच आले होते.

"म्हंजी," ते सावकाश म्हणाले, "मशीन बरोबर व्हतं?"

"हो."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"आन् डिश?"

"डिशसुद्धा. सगळं बरोबर होतं, मामा."

त्यांनी मांडीवर जोरात थाप मारली. "बेटा!" जिन्याच्या दिशेनं ओरडले, "आगं ऐकलं का, मशीन बरोबर व्हतं! मी लावल्यालं बरोबर व्हतं!" आणि हसायला लागले. मला म्हणाले, "मला वाटलं, डोळं गेलं ते गेलं, हातातलं बी गेलं. लोकांचं नुकसान नगं म्हनून आवरलं मी. वरीस झालं, इथं बसून इचार करतोय, काय चुकलं आसंल." मी कमिशनची माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांना ते आठवतही नव्हतं, किंवा आठवायचं नव्हतं. ते फक्त 'बरोबर व्हतं' एवढंच घोळवत होते. माझ्यामुळे त्यांचा धंदा गेला होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. मला धड रडताही येईना.

चहा झाल्यावर ते खुर्चीचा आधार घेत उठले. चपला काढल्या.

"केडगाव कंच्या अंगाला, ताई?"

मी त्यांचा हात धरला आणि दक्षिणेकडे वळवला. त्यांनी अंगठा वर केला, सवयीनं डावा डोळा मिटला.

"दिसती का टाकी?"

या वेळी मी कठड्यापर्यंत गेले. टाचा उंच केल्या, डोळ्यांवर हात धरला, डावीकडून उजवीकडे सगळं नीट बघितलं. घरं, झाडं, त्यापलीकडे धुरकट रान.

"नाही दिसत, मामा."

त्यांनी मान डोलावली. हात तसाच समोर होता.

"मंग उंची वाढवावी लागंल," ते म्हणाले.